पेठ, मॉल आणि आमची वही

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या गावची पेठ एक दिवस कडकडीत बंद राहिली. आठवडी बाजाराचा सोमवार असूनही किराणा, भुसार, कापड, भांडी अशी सारी दुकाने बंद होती. मारुतीच्या देवळापासून तहसील कचेरीपर्यंत मोर्चा निघाला. निमित्त होते बायपासला होऊ घातलेल्या दुसऱ्या मॉलचे. मॉल म्हणजे शहरातला सरकत्या जिन्यांचा मॉल नव्हे. पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये डाळ-तांदळापासून बादल्या-चादरींपर्यंत सारे मांडलेले ते एकच दुकान असते. पण आमच्या भागात त्यालाच मॉल म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते.

मोर्चात माझे वडील होते. आबा पेठेत हमाल आहेत. व्यापाऱ्यांनी सांगितले म्हणून हमालांची सारी टोळी मोर्चात गेली, आणि उंच आहेत म्हणून आबांच्या हाती एक फलक दिला गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो वाचला : ‘छोटा व्यापारी वाचवा’. रात्री आबांनी मला विचारले, “काय लिव्हलं व्हतं गं त्या पाटीवर?” आबांना अक्षरओळख नाही. मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं.”

त्याच दिवशी माझी वहिनी पहिल्या मॉलमध्ये गल्ल्यावर उभी होती. ती तिथे दोन वर्षांपासून नोकरी करते. त्या दिवशी आबांची हमाली बुडाली आणि वहिनीची हजेरी लागली. मोर्चातून आलेला माणूस ज्याच्याविरुद्ध मोर्चा होता त्याच्या पगारातून आलेले जेवण जेवला. मित्रहो, मोठ्या दुकानांना गावाने विरोध करावा की नाही, हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटलेला नाही. तो रोज आमच्या घरी जेवायला बसतो. म्हणूनच त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. असा विरोध करण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे आणि मी त्या बाजूची आहे. परंतु आज ज्या पद्धतीने हा विरोध चालला आहे, त्यात गाव कुठेच नाही. आहेत ते फक्त दुकानांचे मालक. हमाल, दुकानात राबणारी पोरे, भाजीवाल्या बाया आणि उधारीवर जगणारे गिऱ्हाईक यांना बरोबरीने घेतल्याशिवाय ही लढाई जिंकता येणार नाही, आणि जिंकलीच तरी आमच्यासारख्यांना तिचा उपयोग नाही.

आता उधारीचेच घ्या. आमचे सामान लहानपणापासून पेठेतल्या एकाच दुकानातून येते. शेठचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे. एक मोठी वही शेठच्या गादीवर आणि एक छोटी आमच्या फळीवर. पाव किलो तूरडाळ, दहा रुपयांचे तेल, चहाची पुडी असे लिहीत जायचे आणि हमाली हाती आली की शनिवारी भागवायचे, असा क्रम. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हमाली थांबली. मी तेव्हा आठवीत होते. शेठनी अडीच महिने माल दिला आणि एकदाही पैशासाठी माणूस पाठवला नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

पण शाळा बंद असल्यामुळे त्या दिवसांत मी वही घेऊन बसले. दादाने चौथीत शाळा सोडलेली, आई-आबा निरक्षर. त्या वहीचा हिशेब तपासू शकणारी आमच्या घरातली मी पहिलीच. बेरीज चार ठिकाणी चुकली होती, आणि चारही चुका शेठच्या फायद्याच्या होत्या. रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा डाळीला किलोमागे सहा रुपये आम्हाला जास्त लावले होते. मी आबांना दाखवले. ते म्हणाले, “असू दे पोरी. त्यानं दिलं म्हणून खाल्लं.” आबांचे बरोबर होते आणि माझेही चूक नव्हते. उधारी हा गरिबाचा आधार आहे आणि गळफासही आहे. जे लोक पेठेची फक्त माया सांगतात आणि जे फक्त लूट सांगतात, त्या दोघांनीही बहुधा उधारीची वही फळीवरून काढून कधी पाहिलेली नाही.

मग मॉल का भरतो, हे पेठेने प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवे. तिथे वस्तूवर भाव छापलेला असतो, छापील पावती मिळते, वजनाबद्दल वाद होत नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. माझी आजी सांगत असे की, तिच्या तरुणपणी आमच्या वस्तीतल्या बायकांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहून पदर पसरावा लागे आणि सामान वरून टाकले जाई. आज तसे कोणी करीत नाही हे खरे. परंतु आजही आमच्या आईला दुकानात ‘काय पाहिजे?’ असे विचारण्याचा सूर आणि वकिलीणबाईंना विचारण्याचा सूर यांत फरक असतो. मॉलमध्ये टोपली घेऊन फिरताना तो सूर ऐकावा लागत नाही. दोन रुपयांच्या सवलतीपेक्षा ही सवलत मोठी आहे. ज्यांना कधी पायरीखाली उभे राहावे लागले नाही त्यांच्या हे लक्षात येत नाही.

नोकरीचेही तसेच. वहिनीचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आठवड्याला सुटी मिळते. पेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या पोरांना यातले काय मिळते? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक बंधनांतून मोकळे केले. आमच्या पेठेतल्या बहुतेक दुकानांत दोन-तीनच माणसे असतात. सकाळी नऊला आलेला पोऱ्या रात्री नऊला जातो आणि सणाच्या दिवसांत त्याहून उशिरा. ‘आमच्या घरच्यासारखा आहे तो,’ असे शेठ म्हणतात. घरच्यासारखा आहे म्हणूनच बहुधा त्याला पगारपत्रक देण्याची गरज वाटत नसावी!

तरीही मी मॉलच्या बाजूची नाही. त्याची कारणे सांगते.

पहिले कारण असे की मॉलची स्वस्ताई सर्वांसाठी नसते. ती मिळवायला महिन्याचे सामान एकदम घेण्याइतके पैसे हातात लागतात आणि बायपासपर्यंत जायला वाहन लागते. आमच्या कित्येक आदरणीय प्राध्यापकांना मी तिथे पाहिले आहे. त्यांनी रागावू नये. पहिल्या तारखेला पगार होणाऱ्याला तिथे साखर किलोमागे दोन-तीन रुपयांनी स्वस्त पडते. पण ज्याचा पगार रोज संध्याकाळी होतो त्याला पाव किलो डाळीसाठी जाता-येता रिक्षाचे चाळीस रुपये परवडत नाहीत. तिथे दहा रुपयांचे तेल मिळत नाही आणि ‘शनिवारी देतो’ हे वाक्य चालत नाही. सगळे पगारदार गिऱ्हाईक बायपासला गेले की पेठेत उरणार फक्त उधारीवाले. आणि केवळ उधारीवर कोणतेही दुकान चालत नाही. म्हणजे पगारदाराचे दोन रुपये वाचतील, पण आमची वही बंद होईल.

दुसरे कारण हमालीचे. पेठेतला माल बाजारात उतरतो, पोती पाठीवरून दुकानात जातात. मॉलचा माल कंपनीच्या गोदामातून थेट मागच्या फाटकाला लागतो आणि चाकांच्या गाडीवरून आत जातो. आबांच्या टोळीत पूर्वी अकरा माणसे होती. आता सात आहेत. पाठीवर शंभर किलो ओझे वाहणे हे काही गौरवाचे काम नाही, ते संपायलाच हवे. पण माणसाला दुसरे काम देऊन संपावे, त्याला घरी बसवून नव्हे.

तिसरे कारण असे की मोठे दुकान कायमचे असते असे मुळीच नाही. बिग बझारचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २००१ मध्ये सुरू होऊन गावोगावी पोचलेले हे दुकान कर्जाच्या ओझ्याखाली आले आणि २०२२ मध्ये त्याची दारे बंद झाली. शहरात एक दुकान गेले तर दुसरे येते. परंतु लहान गावात मॉलने आधी पेठ संपवली आणि मग तोही उठून गेला, तर गावाने काय करायचे? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

आपल्या देशात हा वाद नवा नाही. २००७ मध्ये रांचीत भाजीविक्रेत्यांनी एका मोठ्या कंपनीच्या नव्या दुकानांची मोडतोड केली, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेश सरकारने तशी दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे केंद्र सरकारने किराणा व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल येऊ देण्याचे ठरवले. नोव्हेंबर २०११ मधला तो निर्णय विरोधामुळे स्थगित झाला, १४ सप्टेंबर २०१२ रोजी पुन्हा मंजूर झाला आणि २० सप्टेंबरला देशभर बंद पाळला गेला. डिसेंबरमध्ये संसदेत मतदान झाले. लोकसभेत विरोधाचा ठराव २१८ विरुद्ध २५३ मतांनी पडला. मोठ्या शहरांतच दुकाने, तीस टक्के खरेदी लहान उद्योगांकडून आणि अंतिम परवानगी राज्याच्या हाती, अशा अटी होत्या. शेतकऱ्यांच्या बाजूने विचार करणाऱ्यांत तेव्हा एकमत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या भांडवलाचे स्वागत केले होते, कारण बाजार समितीतल्या अडत्यांच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा अशी त्यांची भूमिका होती.

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट मात्र झाकली गेली. सारा वाद ‘परदेशी’ या शब्दाभोवती फिरला. देशी भांडवलाच्या मोठ्या दुकानांना तेव्हाही बंदी नव्हती. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघाले आणि २०२५ पर्यंत त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला, म्हणजे पुढच्या दाराने अडवलेला पाहुणा मोबाईलमधून घरात आला. आमच्या बायपासचा मॉलही देशी मालकाचाच आहे. आबांच्या पाठीवरचे पोते गेले ते देशी भांडवलाने गेले की परदेशी, याने आमच्या चुलीला काय फरक पडतो? तेव्हा प्रश्न मालकाच्या देशाचा नसून दुकानाच्या आकाराचा आणि गावाच्या संमतीचा आहे.

संमतीचा हा मुद्दा इतर देशांत कसा हाताळला गेला, ते आमच्या ग्रंथालयात बसून मी वाचले. फ्रान्समध्ये १९७३ साली कायदा झाला. लहान गावात एक हजार आणि मोठ्या गावात दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठे दुकान काढायचे असेल, तर स्थानिक आयोगाची परवानगी आवश्यक ठरली. त्या आयोगात लोकप्रतिनिधी होते, व्यापारी व कारागीर होते आणि ग्राहकांचेही प्रतिनिधी होते. त्याच वर्षी जपाननेही कायदा केला; मोठ्या दुकानाचा आकार, वेळा, सुटीचे दिवस यांवर आधी स्थानिक दुकानदारांशी बोलणी करावी लागत. अमेरिकेच्या दडपणामुळे तो सैल होत गेला आणि २००० साली रद्द झाला. असे कायदे निर्दोष नसतात. फ्रान्समध्ये त्या परवानग्यांसाठी लाचलुचपत झाली आणि १९९३ मध्ये आयोगाची रचना बदलावी लागली. जिथे शिक्का तिथे चिरीमिरी, हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नाही!

परंतु मला सर्वांत विचार करायला लावले ते अमेरिकेतल्या इंगलवूडने. कॅलिफोर्नियातले हे लाखभर वस्तीचे शहर; बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे श्रीमंतांची वस्ती नव्हे. तिथे वॉलमार्टला अवाढव्य दुकान काढायचे होते. नगर परिषदेची नेहमीची छाननी टाळता यावी, असा प्रस्ताव कंपनीने थेट मतदानाला लावला. कामगार संघटना, चर्चमधली माणसे, दुकानदार आणि सामान्य रहिवासी एकत्र आले, दारोदार फिरले, आणि ६ एप्रिल २००४ रोजी सुमारे साठ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. स्वस्त मालाची गरज असलेल्या गरिबांनीच ‘आम्हाला न विचारता नको’ असे सांगितले. हे शक्य झाले कारण तिथला विरोध एकट्या दुकानदारांचा नव्हता.

आता आमच्या गावाकडे वळते. आमच्या व्यापाऱ्यांच्या निवेदनात पाच मागण्या होत्या. त्यांत करसवलत होती, वाहनतळ होता, बायपासचा परवाना रद्द करण्याची मागणी होती. हमालांविषयी एक ओळही नव्हती. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. हमालाला ठरलेली मजुरी, भविष्य निधी, औषधपाणी मिळावे म्हणून तो झाला. आबांच्या टोळीने नोंदणीची मागणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा पेठेनेच ती हाणून पाडली. आज मोर्चाच्या पहिल्या रांगेत चालणाऱ्यांपैकी काही जण त्यात होते. ज्यांना वर्षभर माणसात धरले नाही, त्यांना मोर्चाच्या दिवशी गर्दी म्हणून बोलवायचे, याला एकजूट म्हणत नाहीत.

मग करावे काय? माझ्यासारख्या विद्यार्थिनीने उपदेश करावा हे काहींना रुचणार नाही. तरी मला सुचते ते मांडते.

पहिली गोष्ट, गावाला विचारले गेले पाहिजे. आपल्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती मागवण्याची सोय १९६६ पासून आहे. पण ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि आबांसारख्यांना ती वाचता येत नाही. याउलट २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर समितीवर किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. फुटपाथवर चार फूट जागा देताना संबंधितांची समिती लागते, तर गावाच्या सगळ्या व्यापाराची दिशा बदलणाऱ्या दुकानाला ती का नको? हमाल, भाजीवाल्या, दुकानातले कामगार, ग्राहक आणि व्यापारी अशांची समिती बसवून उघड सुनावणी घ्यावी, ही मागणी मोर्चाने करायला हवी होती.

दुसरी गोष्ट पेठेने स्वतः करायची आहे. भावफलक लावा, उधारीलाही रोखीचाच भाव लावा, महिनाअखेर हिशेब वाचून दाखवा. वीस दुकानदारांनी मिळून एकत्र खरेदी केली तर भाव उतरेल. या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, अपना बाजार सहकारी तत्त्वावर निघाला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांचे गट करून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. वारणानगरला तर वारणा बाजारच्या रूपाने सहकारातून मोठे दुकान उभे राहिले. म्हणजे दुकान मोठे असणे हा काही गुन्हा नाही. ते कोणाचे आहे आणि कोणाला जबाबदार आहे, हे महत्त्वाचे. आणि हो, हमालांची माथाडी मंडळात नोंदणी करा. मग आबा फलक घेऊन आपणहून पुढे येतील.

तिसरी गोष्ट मॉलमध्ये काम करणाऱ्यांची. वहिनी नऊ तास उभी असते. रात्री तिचे पाय सुजलेले असतात. तिला बसायला स्टूल नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला होता. हा हक्क आपल्याकडेही मागायला हवा, मॉलमध्ये आणि पेठेतही. मॉलला विरोध करताना तिथे राबणाऱ्या पोरी आपल्याच गावच्या आहेत, हे विसरून कसे चालेल? मोर्चातल्या काही तरुणांनी त्या दिवशी फाटकापाशी जाऊन त्यांना नको ते शब्द ऐकवले. वहिनीने ते आबांना सांगितले नाही, मला सांगितले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी कित्येकांची घरे अशीच दोन्हीकडे विभागलेली आहेत. कोणाचे वडील पेठेत आहेत, कोणाची बहीण मॉलमध्ये, कोणाचा भाऊ मोबाईलवर मागवलेले सामान दुचाकीवरून पोचवतो. आपण घरातले पहिले शिकलेले लोक. शिकून आपल्याला नोकरी लागेल की नाही, देव जाणे. पण वही वाचता येते, जाहिरातीतली बारीक अक्षरे वाचता येतात, कायद्याची कलमे वाचता येतात. निदान एवढे तरी आपण आपल्या माणसांना वाचून दाखवू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एखाद्या वर्षी पेठेत आणि बायपासला जाऊन कोणाला काय मिळते, काय लागते, याची नोंद आपण केली, तर सुनावणीत मांडायला काही तरी हाती असेल. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.

दुसऱ्या मॉलचे पत्रे चढले आहेत. पेठेत पुन्हा बंदची बोलणी चालू आहेत, आणि आबांना पुन्हा निरोप येईल. माझे व्यापारी मंडळींना एवढेच सांगणे आहे की, या वेळी आबांच्या हाती फलक देण्यापूर्वी त्यावर काय लिहायचे ते त्यांना विचारा. ते सांगतील. लिहून द्यायला मी आहे.